मासे खाणाऱ्यांची सुशी: पहिल्यांदा जाताना काय बघायचं, काय मागवायचं, कसं खायचं

सावंतवाडी-बांद्याकडची माणसं दवाखान्यासाठी बांबोळीला आणि खरेदीला म्हापशाला पूर्वापार जात आली आहेत. आता त्यात एक निमित्त वाढलंय. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं सुट्टीत घरी येतात आणि ‘गोव्याला निघालोच आहोत तर सुशी खाऊया’ म्हणतात. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताबरोबर मासा, बऱ्याचदा कच्चाच. आसगाव, हणजूण, वागातोर या पट्ट्यात असलं जपानी जेवण मिळतं. मुंबईत तर मॉलमध्येही मिळतं, आणि २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून अलिबागकरांना गाडीसकट मुंबई गाठणं सोपं झालंय. मुलांनी सुशीचं नाव काढलं की घरातल्या एखाद्या काकीचा प्रश्न ठरलेला: ‘मेल्यांनो, शिजवूक गॅस संपलो काय?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देत देतच पुढचं सगळं सांगतो. बोलणं आहे ते साध्या, घरच्यांना घेऊन जाता येईल अशा सुशीच्या हॉटेलाबद्दल. शेफ समोर बसवून त्याच्या मर्जीनं एकेक घास वाढतो आणि शेवटी बिल बघून आपण गप्प होतो, ती ठिकाणं वेगळी. माझं म्हणणं एवढंच, की मासे खाऊन तयार झालेली आपली पारख सुशीच्या टेबलावरही बहुतेक सगळी कामाला येते. एका ठिकाणी मात्र ती साफ उलटी पडते, आणि ते घरातून निघायच्या आधीच माहीत असलेलं बरं.

ताजेपणाचा आपला हिशोब इथे चालत नाही

हर्णैच्या लिलावात, मिरकरवाड्याला किंवा मालवणच्या बाजारात आपण मासा कसा घेतो? कल्ले उचलून लाल आहेत का बघतो, डोळा पाणीदार आहे का बघतो, बोटानं दाबून खड्डा पडतो का तपासतो. होडीतून उतरून तव्यावर जायला जितका वेळ कमी, तितका मासा चांगला. कालवण करायचं असेल तर हा हिशोब पक्का आहे.

कच्चा खायचा असेल तर तो अपुरा पडतो. समुद्रातल्या माशांच्या आणि माकुळच्या अंगात अनिसाकिस नावाच्या बारीक कृमींच्या अळ्या असू शकतात. मासा तासाभरापूर्वी पकडलेला असला तरी त्या असू शकतात, उलट तेव्हा त्या चांगल्या जिवंत असतात. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या कोणाला त्याची फिकीर पडली नाही, कारण आपण मासा रटरटून शिजवतो किंवा कडक तळतो आणि अळ्या त्यात मरतात. व्हिनेगर, लिंबू किंवा वसाबीनं (सुशीसोबतची झणझणीत हिरवी चटणी) त्या मरत नाहीत. मरतात त्या कडाक्याच्या थंडीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कच्च्या माशासाठी सांगितलेलं माप असं: उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड जागी ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना घट्ट गोठवून त्याच थंडीत १५ तास. घरातला फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, त्यातही आपण दिवसातून दहा वेळा त्याचं दार उघडतो, तेव्हा त्याच्यावर विसंबता येत नाही.

म्हणून सुशीच्या हॉटेलात ‘फ्रोझन’ ऐकून नाक मुरडू नका. खुद्द जपानी बोटी खोल समुद्रातला कुपा, म्हणजे ट्यूना, जहाजावरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवून आणतात. उलट एखाद्या वेटरनं अभिमानानं सांगितलं की ‘सर, सुरमई आज सकाळीच जेटीवरून आलीय, कच्चीच देतो’, तर ती सुरमई तळून मागवा.

सॅल्मनची गंमत यातच आहे. आज जगभर सुशी म्हटली की केशरी सॅल्मन डोळ्यांसमोर येतो, पण जपानी माणूस पूर्वी तो कच्चा खात नसे, कारण त्यांच्या बाजूच्या पॅसिफिकमधल्या सॅल्मनमध्ये कृमी सापडायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेनं पिंजऱ्यात पोसलेला, कारखान्यात तयार केलेलं खाद्य खाऊन वाढलेला सॅल्मन जपानला विकायला नेला आणि चित्र बदललं. असल्या सॅल्मनमध्ये कृमींचा धोका फार कमी असतो. आपल्याकडच्या सुशी हॉटेलांतही बहुधा हाच नॉर्वेचा सॅल्मन असतो. तरी विचारून घ्या, कारण इंग्रजी मेन्यूत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ लिहायची पद्धत आहे. रावस हा आपला उत्तम मासा, पण तो सॅल्मनच्या जातीचा नाही आणि कच्चा खायचाही नाही.

गोठवल्यानं सगळेच प्रश्न सुटतात असं समजू नये. जिवाणू थंडीत निपचित पडतात, मरत नाहीत. कुपा, बांगडा, सुरमई हे मासे उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होणं, अंगाला खाज, डोकं दुखणं असा त्रास होतो. घास तोंडात घालताच जिभेला मिरपुडीसारखी चुणचुण लागली तर गिळू नका. हा नियम घरच्या बांगड्यालाही लागू आहे.

कच्चा मासा कोणी खाऊच नये तेही इथेच सांगतो: गरोदर बायका, लहान मुलं, खूप वयस्क माणसं, केमो चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले, आणि यकृताचा आजार असलेले. यकृतवाल्यांनी कच्ची कालवं तर बिलकुल खाऊ नयेत. गरम समुद्रात वाढणारा व्हिब्रियो नावाचा जिवाणू त्यांच्या जिवावर बेतू शकतो. या सगळ्यांनी हॉटेलात येऊच नये असं मात्र नाही. सुशीत शिजवलेले प्रकार भरपूर असतात, ते पुढे येतील.

कधी जायचं

सोमवार, गुरुवार, संकष्टी पाळणाऱ्यांना मी काय सांगणार. श्रावणाआधी गटारीला गोव्याकडे गाड्यांची रांग लागते, तेव्हा टेबल आधी फोन करून ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बाजारात पापलेट-सुरमई दिसेनाशी होते किंवा भाव ऐकून परत यावं लागतं. सुशीच्या हॉटेलाला त्याची झळ कमी लागते, कारण तिथला मुख्य माल आयात केलेला आणि गोठवलेला असतो. पावसात मासा खायची तल्लफ भागवायला ते दिवस वाईट नाहीत.

वेळ निवडता येत असेल तर दुपारी किंवा संध्याकाळी हॉटेल उघडल्यावर लवकर जा. भात तेव्हा नुकताच झालेला असतो, आणि सुशीत माशाइतकाच भात महत्त्वाचा. गर्दीचं ठिकाण पत्करा. जिथे दिवसाला चार गिऱ्हाईकं येतात तिथे मासा कापून किती वेळ पडलाय ते देव जाणे.

दारातून आत शिरल्यावर

पहिलं काम नाकाचं. चांगल्या सुशी हॉटेलात माशाचा वास येत नाही. व्हिनेगरचा थोडासा आंबट, भाताचा, तळणीचा वास येईल, पण मासळी बाजाराचा वास आला तर कोका-कोला पिऊन बाहेर पडा. आपल्या नाकाइतकं पारखी नाक मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाइकाकडे नसतं.

जागा असेल तर काउंटरला बसा. शेफच्या समोर काचेचं थंड कपाट असतं. आता कल्ले नाहीत, डोळे नाहीत, खवलं नाहीत. नुसते कापलेले तुकडे. तिथे बघायचं ते असं: तुकड्यांच्या कडा सुकून वर वळल्यात का, खाली पाणी सुटून साचलंय का, कुपा कडेनं तपकिरी पडलाय का. आणि कुपा फार गुलाबी, खेळण्यातल्या प्लास्टिकसारखा चकचकीत दिसला तर भुलू नका. कार्बन मोनॉक्साइडची प्रक्रिया केलेला कुपा जुना झाला तरी लालच राहतो.

मग शेफचे हात बघा. निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, बांधणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. तो तळवे व्हिनेगरच्या पाण्यात ओले करतो, टाळी वाजवून जास्तीचं पाणी झटकतो. उजव्या हातानं झाकलेल्या भांड्यातून बोटभर भात उचलतो आणि मुठीतच त्याला लांबट आकार देतो. डाव्या हाताच्या बोटांवर माशाचा काप आडवा ठेवलेला असतो. उजव्या तर्जनीच्या टोकानं त्यावर वसाबीचा ठिपका ओढतो, वर भात ठेवतो, दोन बोटांनी दाबतो, घास उलटा करून पुन्हा दाबतो. चार-पाच हालचालींत काम संपतं. दाब इतका हलका असावा, की घास बोटात उचलताना टिकावा आणि तोंडात गेल्यावर मोकळा व्हावा. शेफ गोळा घट्ट वळत बसला असेल, किंवा साच्यातून काढलेले भाताचे चौकोन फ्रीजमधून काढून त्यावर मासा ठेवत असेल, तर त्या ठिकाणी निगिरी मागवू नका, रोलवर भागवा. फ्रीजमध्ये गेलेला भात टणक होतो. सुशीचा भात हाताला कोमट लागला पाहिजे.

मेन्यू कसा वाचायचा

नावं बघून बिचकायला होतं, पण प्रकार थोडेच आहेत. ‘निगिरी’ म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, बहुधा दोन नग. ‘माकी’ किंवा रोल म्हणजे नोरीत, म्हणजे शेवाळाच्या पत्रीत, गुंडाळून कापलेली वळकटी. बारीक रोलचे सहा, जाड रोलचे आठ तुकडे, कुठे अर्धी प्लेट चारची. भात बाहेर आणि नोरी आत असेल तर तो ‘उरामाकी’, आपल्याकडच्या मेन्यूत सगळ्यात जास्त हाच. ‘तेमाकी’ म्हणजे हातात धरून खायचा कोन. ‘गुंकान’ म्हणजे नोरीच्या भिंतीची होडी, आत माशाची अंडी वगैरे. ‘साशिमी’ म्हणजे भाताशिवाय नुसता कच्चा मासा. पहिल्या फेरीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

नोरी ही समुद्री शेवाळाची वाळवून केलेली कागदासारखी पत्री. आपल्या दमट हवेत ती मिनिटाभरात मऊ पडते आणि मग दातानं तुटता तुटत नाही. म्हणून कोन किंवा गुंकान टेबलावर आला की फोटो काढत बसू नका.

आता घरातल्या कच्चं न खाणाऱ्यांसाठी. ‘एबी’ ही उकडलेली कोळंबी. ‘उनागी’ ही गोड्या पाण्यातली वाम, नेहमी भाजून आणि गोडसर सॉस लावूनच देतात. आपल्याकडे वाम खाणाऱ्याला ती लगेच आवडते. ‘ताको’, म्हणजे ऑक्टोपस, सहसा उकडलेला असतो. ‘तामागो’ म्हणजे गोडसर ऑम्लेटची वडी. कोळंबी टेम्पुराच्या रोलमधली कोळंबी तर पिठात बुडवून पूर्ण तळलेली असते, नवख्या माणसाला तोच रोल आधी द्यावा.

‘क्रॅब स्टिक’ किंवा ‘कानी’ असं लिहिलेलं असेल तर ती बहुतेक वेळा कुर्ली नसते. पांढऱ्या माशाचं मांस धुऊन, कुटून त्याची सुरिमी करतात आणि तिला खेकड्याची चव आणि लाल रंग देऊन कांड्या पाडतात. यात कोकणाचा संबंध आहे. रत्नागिरीची गद्रे मरीन ही सुरिमी बनवणारी मोठी कंपनी आहे, तिचा माल परदेशी जातो, आणि या धंद्यात राणी माशाला मोठी मागणी असते. जो राणी मासा आपण बाजारात काटेरी म्हणून पुढे सरकवतो, तोच लाल पट्टा लावून परत आपल्या ताटात येऊ शकतो. शिजलेली असते, खायला हरकत नाही. फक्त कुर्लीच्या भावानं घेऊ नका.

शाकाहारी पाहुणे सोबत असतील तर हा परिच्छेद नीट वाचा. काकडीचा रोल, ॲव्होकॅडोचा रोल, मुळ्याच्या लोणच्याचा रोल हे सरळ आहेत. पण मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) सूप बहुतेक ठिकाणी ‘दाशी’ नावाच्या पाण्यात करतात, आणि दाशीत सुकवून धुरावलेल्या कुप्याचा कीस उकळलेला असतो. म्हणजे आमटीत सुकटाचं पाणी घालून ती शाकाहारी म्हणून वाढावी, तसला प्रकार. इनारी सुशीतलं, म्हणजे भात भरलेल्या पिशवीसारखं, तळलेलं टोफूही अनेकदा याच दाशीत शिजतं. मेयोनीजमध्ये अंडं असतं, टेम्पुराच्या पिठात असू शकतं, आणि भाजी-कोळंबी एकाच तेलात तळली जाते का हेही विचारावं लागतं. ‘व्हेज आहे का?’ असं विचारू नका, ‘आहे’ म्हणतील. ‘दाशी कशाची आहे? तळणीचं तेल वेगळं आहे का? सुरी आणि पाट वेगळे आहेत का?’ असं विचारा. सोय सॉसमध्ये गहू असतो, ग्लूटेन चालत नसलेल्यांनी तेवढं लक्षात ठेवा.

ऑर्डर: एकदम सगळं नको

आपली सवय अशी की थाळी आली की सगळं एकदम समोर. इथे तसं केलं तर शेवटचा रोल येईपर्यंत पहिला सुकतो. दोन-तीन फेऱ्यांत मागवा.

चार जणांचं घर धरू: दोन मोठे, दोन तरुण. पहिल्या फेरीत एक एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा. दाणे दातानं ओढून खायचे, सालं बाजूच्या वाटीत. नवीन माणूस हमखास साल चावत बसतो, आधीच सांगा. सोबत एक काकडीचा रोल आणि एक कोळंबी टेम्पुराचा. इथे मोठ्यांना भाताची, नोरीची आणि व्हिनेगरची ओळख होते, आणि ‘कच्चं कुठे आहे?’ असं विचारायची पाळी त्यांच्यावर येते.

दुसऱ्या फेरीत निगिरी: एबीची एक प्लेट, उनागीची एक, सॅल्मनची एक. कच्च्याचा पहिला घास सॅल्मनचाच असावा. तो चरबीदार, मऊ आणि सौम्य असतो. कुप्याला रक्ताची धातूसारखी चव असते, ती सगळ्यांना पहिल्याच झटक्यात जमत नाही. पुन्हा वाटलं तर तिसऱ्या फेरीत कुपा किंवा आणखी एखादा रोल. हलक्या चवीकडून तेलकट, गोड, सॉसवाल्या चवीकडे जायचं, एवढा क्रम पुरे. पापलेट आधी आणि तिरफळ घातलेला बांगडा नंतर हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

एका माणसाला दहा-बारा नगांत पोट भरतं. दिसायला एवढंसं असलं तरी भात आहे तो.

माझं एक मत, पटलं तर घ्या. ‘स्पायसी मेयो’, ‘चीज’, ‘ड्रॅगन’ अशी नावं लावलेले रोल चवीला झकास लागतात, मुलांना तेच हवे असतात. पण एवढ्या मेयोनीजच्या थराखाली मासा कुठला आहे, कसा आहे, काही कळत नाही. टेबलावर असा एक रोल असू दे, चार नकोत.

आणि ज्याला काहीच पसंत पडणार नाही त्याच्यासाठी कात्सु करी मागवा: ब्रेडक्रम्ब लावून तळलेलं चिकन, भात आणि दाट गोडसर रस्सा. जपानात करी पोचली ती मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिशांमार्फत. तोक्योच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया या दुकानात भारतीय पद्धतीची करी सुरू झाली ती १९२७ मध्ये, आणि ती आणणारे होते तिथे आश्रय घेतलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस. एवढं सांगितलं की घरातले इतिहासप्रेमी काका निदान चमचा तरी उचलतात.

हात, सोय सॉस, वसाबी

सुरुवातीला गरम किंवा गार ओला रुमाल येतो. तो हातांसाठी आहे. उन्हातून आल्यावर मानेवरून फिरवायचा मोह आवरा.

चॉपस्टिक जमत नाहीत म्हणून घाबरू नका. निगिरी हातानं खाणं पूर्णपणे रीतीला धरून आहे. ती आजच्या रूपात आली १८२० च्या दशकात, तेव्हाच्या एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत. हानाया योहेई या माणसाला तिचं श्रेय देतात, आणि ती विकली जायची गाड्यांवर, उभ्या उभ्या हातानं खायला. साशिमीला मात्र चॉपस्टिक किंवा काटा लागतो. चॉपस्टिक घेतल्याच तर दोन गोष्टी टाळा: त्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दोन्हींचा संबंध त्यांच्या अंत्यविधीशी आहे. लाकडी चॉपस्टिक एकमेकांवर घासू नयेत. ‘तुमचा माल हलका आहे’ असं म्हटल्यासारखं होतं.

सोय सॉस वाटीत थोडासाच ओता. निगिरी अंगठा आणि दोन बोटांत धरा, कुशीवर कलती करा, आणि माशाची बाजू जेमतेम टेकवा. भात बुडवला की तो सॉस शोषतो, खारट होतो आणि वाटीत विरघळतो. मग आपण तो बोटानं गोळा करत बसतो, कढी-भाताची सवय दुसरं काय. गोड सॉस लावलेल्या उनागीला सोय सॉस लावायचाच नाही. एका घासात तोंडात टाका. मोठा वाटला तर शेफला भात कमी घालायला सांगा, आनंदानं करतात. अर्धा तोडून ताटात ठेवला तर उरलेला विस्कटतो.

वसाबी ही हिरवी चटणी दिसते, पुदिन्याची समजून बोटभर घेणारे पुष्कळ. खरी वसाबी ही एका जपानी वनस्पतीचं किसलेलं खोड, महाग आणि दुर्मीळ. साध्या हॉटेलात मिळते ती बहुतेक हॉर्सरॅडिश (एक झणझणीत विलायती मूळ), मोहरी आणि हिरवा रंग. टाचणीच्या डोक्याएवढी घेऊन बघा. ‘आमी काय तिखट खाणत नाय काय रे?’ असं म्हणून पुढे सरसावलेल्या काकी पुढच्या क्षणाला नाक धरून डोळ्यांतून पाणी काढतात, हे ठरलेलं. मिरचीचं तिखट जिभेवर बसतं आणि रेंगाळतं. वसाबीचा झणका वाफेसारखा नाकात चढतो आणि काही सेकंदांत उतरतो. पाणी पिऊन उपयोग होत नाही. तोंड मिटून नाकानं श्वास सोडा, जाईल. मालवणी मसाल्याचा सराव इथे कामाला येत नाही. निगिरीत शेफनं वसाबी आधीच घातली असेल तर वरून लागत नाही, विचारून घ्या.

गुलाबीसर आल्याचे काप दोन घासांच्या मधे खायचे, तोंड स्वच्छ करायला. सुशीवर ठेवून खायचे नाहीत.

प्यायला साधा ग्रीन टी सगळ्यात बरा. मिसो सूपची वाटी उचलून तोंडाला लावावी, चमचा येईल याची वाट बघू नये.

बिल आणि त्यानंतर

कन्व्हेयर पट्ट्यावर प्लेटी फिरणारं हॉटेल असेल (हा प्रकार योशिआकी शिराइशी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळ सुरू केला), तर प्लेटच्या रंगावर भाव ठरतो आणि शेवटी प्लेटी मोजतात. रंगांचा तक्ता बसताक्षणी बघा आणि पट्ट्यावर बराच वेळ फिरत असलेली प्लेट उचलू नका, शेफला नवीन सांगा. इतर ठिकाणी बिलावर साधारण ५ टक्के जीएसटी असतो. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसे निर्देश दिलेत आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. सेवा आवडली तर द्या, नाहीतर काढून टाकायला सांगा, भांडण्याचं कारण नाही.

उरलेली सुशी बांधून घेऊ नका. कच्चा मासा बाहेरच्या तापमानात दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि पारा ३२ च्या वर असेल तर एक तास. म्हापशाहून कुडाळपर्यंत एप्रिलच्या उन्हात, गाडीच्या डिकीत, हा हिशोब कुठेच बसत नाही. मडगावला रोल घेऊन कोकण रेल्वेनं रत्नागिरीला नेणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या धाडसाला नमस्कार. तळलेले, शिजवलेले रोलसुद्धा भातामुळे खराब होतात. जेवढं खाल तेवढंच मागवा.

घरी आल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी पोटात जोराची कळ, उलट्या सुरू झाल्या तर ओवा खाऊन थांबू नका. डॉक्टरांकडे जा आणि कच्चा मासा खाल्ला होता हे त्यांना स्वतःहून सांगा. आपल्या भागात त्यांना ते आपोआप सुचेलच असं नाही.

मुलं पुढच्या रविवारी घरीच सुशी करूया म्हणतील. करा, मजा येते. फक्त बंदरावरून आणलेला मासा कच्चा वापरायचा नाही, कितीही फडफडता असला तरी. उकडलेली कोळंबी, तळलेली सुरमई काटे काढून, काकडी, ऑम्लेट एवढ्यावर उत्तम रोल होतात. जपानी तांदूळ मिळाला नाही तर इंद्रायणी चालतो, तो शिजल्यावर चिकटतो. उकडा तांदूळ चालत नाही. दोन कप तांदळाच्या भाताला ६० मिलिलिटर राइस व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ, हे साखर विरघळेपर्यंत कोमट करून गरम भातावर शिंपडा आणि उलथन्याच्या कडेनं, शितं न मोडता, कालवा. भात कोमट झाला की वळायला घ्या, आणि नोरीचं पाकीट फोडलं की उरलेल्या पत्र्या लगेच हवाबंद डब्यात टाका. पावसाळ्यात त्या डब्यात सिलिका जेलची पुडीही ठेवा.